जेवले, अभ्यास चालू आहे

नांदेड
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. धम्मप्रियास,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मेथीच्या पराठ्यांखाली ठेवते आहे. डबा रोजच्यासारखा लातूरच्या सकाळच्या एसटीत, कंडक्टर सिद्धेश्वरमामांकडे देते. फोनवर विचारत नाही, कारण त्या फोनवर तू नाहीस असं मला वाटतं.

काल पप्पा गाडीवरून पडले. घाबरू नकोस, पायाला प्लास्टर आहे आणि घरी बसून टीव्हीतल्या माणसांशी भांडतात. मी तुला तसं लिहिलं, तर मिनिटभरात उत्तर आलं, जेवले, अभ्यास चालू आहे. खाली हसरा चेहरा.

माझी पोरगी असं लिहीत नाही. तिचं एका दमात येतं, आई लई भूक लागली काय करून राहिलीस चटणी पाठव. तीन आठवडे तशी एक ओळ नाही. फोन केला की कट होतो आणि क्लासमध्ये आहे असं येतं. मामा सांगत होते, डबा घ्यायला हल्ली चष्म्याची मुलगी येते. ती तुझ्या खोलीतली तनुजाच ना?

तू कुठे आहेस, प्रिया? रिकाम्या डब्यात तुझ्या हातचं उत्तर ठेव. नाही आलं तर मी निघाले.

काळजीत असलेली,
तुझी आई

लातूर
दि. ९, दुपार

ती. आईस,
प्रियाचा जयभीम.

तनुजा तुझं पत्र घेऊन रडतच आली. तिला रागावू नकोस. तिनं कालचा मेसेज वाचलाच नाही, नुसतं उत्तर पाठवलं. पप्पांना लई दुखतंय का?

मी खोलीवरच आहे. पण एकवीस दिवस क्लासला गेले नाही. टेस्टला मार्क घसरत गेले, मग पेपर समोर आला की कोराच ठेवून उठायचे. तू रोज विचारायचीस, उठलीस का, जेवलीस का, किती आले. एकदा बरे आले असं लिहिलं, तर तू अंगठा आणि पाच फुलं पाठवलीस. ती फुलं बघून पुन्हा खोटं लिहायला बोटं वळेनात. म्हणून सगळी उत्तरं वहीत लिहून फोन तनुजाकडे दिला, ती त्यातलंच एक बघून पाठवते.

परवा गच्चीवर बराच वेळ कठड्याशी उभी होते. तनुजानं हात धरून खाली आणलं. हे तुला सांगायचं नव्हतं.

माया कमी करू नकोस.
तुझी प्रिया

मोबाईलवर
दि. ९, सायंकाळी ५.४०

चि. तनुजा, बाळा, हे आधी तुला. फोन प्रियाच्या हातात दे आणि मी येईपर्यंत तिच्याजवळून उठू नकोस. खालच्या घरमालकीण मावशींनाही वर बोलाव.

प्रिया, पत्राला वेळ नाही, बसमध्ये आहे. लोहा गाव मागे गेलं. चिठ्ठी पप्पांना वाचून दाखवली. ते प्लास्टरचा पाय घेऊन माझ्याबरोबर निघाले होते. कसंबसं थांबवलं. किती आले हे मी रोज विचारलं, तू कशी आहेस हे एकदाही नाही. चुकलं माझं. घरी यायचं की तिथं राहायचं ते सावकाश ठरवू. आत्ता फक्त काहीतरी लिही. नुसतं आई लिहिलंस तरी चालेल.

सायंकाळी ५.४३

आई. आम्ही दोघी दारातच बसलोय. तू कुठपर्यंत आलीस ते लिहीत राहा.