कूलंट खातं माझ्याकडे

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
निवृत्तीचा तिसरा दिवस. संकल्प एक: रोज रोजनिशी. संकल्प दोन: बायकोच्या गाडीची देखभाल आजपासून माझ्याकडे. गाडी अकरा वर्षांची. बायको तीच घेऊन शाळेत शिकवायला जाते, आणि आजवर बॉनेट उघडलंय ते फक्त कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या वस्तादने. एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या तक्रारी नोंदवल्या. रेडिएटर म्हणजे तरी काय? छोटी पाणीपुरवठा योजना.
बायको म्हणाली, वस्ताद बघतो की सगळं. मी म्हटलं, घरात जाणकार असताना बाहेर कशाला? ती डबा घेऊन शाळेत निघून गेली. म्हणजे पटलं.

४ मार्च.
बॉनेट उघडायला चाळीस मिनिटं. खटका स्टिअरिंगच्या खाली लपवून ठेवलाय. बायको म्हणते, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक ही नवशिक्यांची सोय आहे.
सासूबाई वर गॅलरीत बसल्या होत्या. सहा महिने आमच्याकडे आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चहा कपात कमी, बशीत जास्त. वरूनच ओरडल्या, "जावईबापू, इंजिन गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका हं!" बॉनेट उघडलेलं त्यांना आवाजावरून कळतं. सासरे ट्रक चालवायचे, आणि या बावीस वर्षं शेजारी बसून हिंडल्या. पण शेजारी बसण्याला ज्ञान म्हणत नाहीत.

६ मार्च.
कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं रंगीत पाणी, आणलं. दुकानात हिरवं, लाल, निळं. दुकानदाराने विचारलं, आत आधी कोणतं आहे? एकात दुसरं मिसळलं तर कधीकधी आत चिखल होतो म्हणे. घाबरवून धंदा करतात. गाडी लाल आहे, लाल घेतलं. जाताजाता म्हणाला, "काका, हे घट्ट आहे. निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा." पाणी घालणारे दूधवाले आयुष्यभर पाहिलेत. मी निर्भेळच घालणार.

७ मार्च. सकाळी ८.
घातलं. आत टाक्या दोन. एकीवर बारीक अक्षरात नुसते इशारे. दुसरीच्या झाकणावर उडत्या कारंज्याचं चित्र. उकळी फुटते ती इथेच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. काठोकाठ भरली. इशाऱ्यांच्या टाकीला हात लावला नाही. इशारे मी मानतो.

१२ मार्च.
पाच दिवस रोज पातळी तपासली. केसभरही उतरलेली नाही. आमच्या खात्यात एकतीस वर्षांत असं एकदाही घडलं नाही.

१७ मार्च.
बायको तणतणत आली. काच धुवायला पाणी उडवलं तर समोर सगळं लालभडक आणि चिकट. शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करून पदराने काच पुसावी लागली. मी सांगितलं, झाडाखाली लावत जाऊ नकोस, पक्षी कसली कसली फळं खातात.
संध्याकाळी पाहतो तर पातळी दोन बोटं खाली! ताबडतोब गाडीखाली शिरलो. इंजिनाच्या खाली फरशीवर थेंब सापडले. पण हिरवे. आपलं कूलंट लाल. म्हणजे थेंब आपले नाहीत. शेजारी वकिलांची गाडी लागते. त्यांना कळवलं.

१९ मार्च.
वकिलांनी गाडी गॅरेजमध्ये दाखवली. काही सापडलं नाही. माझ्याशी बोलत नाहीत. भल्याची दुनिया नाही.

२१ मार्च.
सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख शुक्रवार, २८. सकाळी दहाला हजर व्हायचं. इस्पितळ चाळीस किलोमीटरवर. बायकोच्या शाळेत परीक्षा, तेव्हा मी नेणार. बायको म्हणाली टॅक्सी करा. मी म्हटलं, मग इतके दिवस काय मी झक मारली? शेवटी म्हणाली, निदान वस्तादला दाखवून आणा. कबूल केलं.

२३ मार्च.
वस्तादकडे जाऊन आलो. त्याने विचारलं, काय त्रास? मी म्हटलं, काही नाही. मग कशाला आलात, म्हणाला. परत आलो. दाखवून झालं.

२८ मार्च. सकाळी ८.३०.
निघतोय. पातळी भरून घेतली. वाटेत सासूबाईंना कूलंटविषयी चार गोष्टी समजावून सांगेन.

२८ मार्च. दुपारी ३. इस्पितळाच्या बाकावर.
जसं घडलं तसं लिहितो.
पंधराव्या किलोमीटरला सासूबाई म्हणाल्या, "गोड वास येतोय." मी म्हटलं, बेकरी असेल. "बेकरी नाही, रेडिएटर आहे. काटा बघा." तापमानाचा काटा लालवर होता. लाल कूलंट, लालवर काटा, मला ते जुळल्यासारखं वाटलं. तसं मी सांगितलंही. त्या एकच वाक्य बोलल्या, "गाडी बाजूला घ्या आणि बंद करा." आवाज असा की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तोवर बॉनेटमधून वाफेचे लोट.
मी बॉनेट वर केलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. त्या चाचपडत आल्या होत्या. माझं मनगट पकडलं. दिसत नसताना बरोबर मनगट.
नऊ वाजून गेले होते. दोघं दगडावर बसलो. त्या म्हणाल्या, "आजची तारीख चुकली की पुढची दोन महिन्यांनी. जावईबापू, लेक समोर उभी असली तरी मी तिला बांगड्यांवरून ओळखते. चेहरा धड आठवतही नाही आता."
मी घड्याळाकडे पाहिलं.
मग म्हणाल्या, ट्रकला हात करा. मी पाणीपुरवठ्याचा माजी वरिष्ठ लिपिक. ट्रकला हात कसा करणार? करेपर्यंत दोन निघून गेले. मग त्याच उठल्या, कान देऊन उभ्या राहिल्या. "हा भरलाय, थांबायचा नाही. जाऊ दे. हा रिकामा आहे." हात वर. ट्रक थांबला. चालकाने विचारलं, "आजी, कुठे?" चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तीन पायऱ्या चढून आत. पायरी कुठे आहे ते पायांना ठाऊक होतं. मला दोघांनी मिळून ओढून घेतलं.
वाटभर दोघं क्लच आणि घाट यांवर बोलत होते. मध्ये एकदा चालक म्हणाला, "आजी, हे कोण?" त्या म्हणाल्या, "जावई आहेत. स्वभावाने चांगले आहेत."
दहाला पाच कमी असताना पोचलो. आत्ता त्या आत आहेत.

२९ मार्च.
एका डोळ्याची पट्टी निघाली. बायको समोर उभी होती. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "केस पिकले की गं तुझे," म्हणाल्या, आणि दोघी रडायला लागल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

३१ मार्च.
वस्तादने गाडी ओढून आणली. निदान: पाइपला भेग, आतलं जुनं कूलंट हिरवं, म्हणजे ते थेंब आपलेच. खरी टाकी कोरडी ठणठणीत. आणि सगळं लाल कूलंट काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीत. कारंजं म्हणजे काचेवरचं कारंजं. "काका, हे कोणी भरलं?" मी म्हटलं, हल्ली कोणावर भरवसा ठेवावा कळत नाही. तो म्हणाला, गाडी वेळेवर बंद केली म्हणून इंजिन वाचलं, ज्याने केली त्याला मानलं. मी नम्रपणे मान खाली घातली.
वकिलांकडे जाऊन यावं का? उद्या बघू.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ९.
गाडी घरी. देखभाल खातं मी स्वखुशीने सासूबाईंकडे सोपवलं. बायकोने किल्ली कालच त्यांच्या हातात दिली होती, हा योगायोग.
आज त्या काळा चष्मा लावून खाली आल्या. इंजिन गार असल्याची खात्री केली. बरोबर टाकी, दोन रेषांच्या मधली पातळी, नवा पाइप, पट्टे, सगळं शांतपणे बघितलं. मी पूर्ण वेळ दोन्ही हातांनी बॉनेट वर धरून उभा. जबाबदारीचं काम आहे, खांदे भरून येतात. महिनाभर ते एका हाताने आणि मधूनमधून डोक्याने पेलत होतो, याची घरात कोणाला कल्पना नाही.
पंचवीस मिनिटांनी सासूबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "अहो जावईबापू, टेकूची दांडी लावा की."
कोणती दांडी, असं मी विचारायला नको होतं.