तांदळावरचा पंजा

आई, आज पेडण्यातल्या वर्गात पुन्हा तुझ्या तांदळाच्या डब्याची गोष्ट सांगितली. पासवर्ड कसा जपावा, हे मी शिकवते. मुलांना आधी वाटतं, यंत्र आपला पासवर्ड लिहून ठेवतं. तसं करायचं नसतं. त्याने केवळ पासवर्डचा ठसा ठेवायचा आणि आपण पुन्हा आलो की नवा ठसा घेऊन जुन्याशी ताडून पाहायचा. ठशावरून हात घडवता येत नाही, पण हात समोर आला की तो तोच की दुसरा, हे कळतं. किती साधी आणि सुंदर युक्ती! मुळगावच्या आपल्या स्वयंपाकघरात ती मी फार आधी पाहिली होती.

खाण बंद पडल्यावर बाबा घरातले तांदूळ दारूसाठी विकू लागले. म्हणून रोज सकाळी पेज चुलीवर चढली की तू डब्यातले उरलेले उकडे तांदूळ सारखे करायचीस आणि त्यांवर पंजा दाबायचीस. एकदा बाबांनी तांदूळ काढून वर स्वतःचाच पंजा दाबला. ट्रकच्या फाळक्यात त्यांची करंगळी गेलेली. तू डबा उघडून म्हणालीस, "माझ्या हाताक पाच बोटां आसत. ह्यां चार बोटांचां भूत खंयसून इलां?" "पोलीस काय गो तू?" म्हणत ते बाहेर पडले आणि आपण दोघी पोट धरून हसलो. वर्गही इथे हसतो. मी तास संपवते.

पुढचं सांगत नाही. एका सकाळी मी हट्ट धरला म्हणून तू तुझ्या पंजाशेजारी मला माझा पंजा उमटवू दिलास. संध्याकाळी मी शाळेतून येते, तू उरलेली पेज माझ्यापुढे ठेवतेस. "आणि तू?" "मिया दुपारी भात करून जेवलंय. तू जेव, बाय." मी माझा पंजा बघायला डबा उघडते. दोन्ही पंजे जसेच्या तसे. भात शिजवायला ते मोडावेच लागले असते. तू मागून झाकण लावलंस. "पेज थंड जातली." मी जेवले.

पासवर्ड फोडणारा नेहमी कुलपाशीच झटत नाही. राखणाऱ्याने नकळत काय सांगून टाकलं, तेही तो वाचतो. पुढच्या वर्षी तू गेलीस. अंगात रक्तच नव्हतं, असं दवाखान्यात म्हणाले.

हे पत्र कुठे धाडणार? एवढंच कबूल करते, की वर्गात मी तुला आई म्हणत नाही, "एक बाई होती" म्हणते. आज एका मुलीने विचारलं, "टीचर, पण ती बाई स्वतः कधी जेवायची?"

मी फळा पुसत राहिले.