बर्फावर बसायचा सूट

९ जानेवारी, गुरुवार

व्हेयो म्हणाला, "तुला बर्फावरचा सूट घेऊया."

मी दोनदा विचारलं — कुणाला? "तुला." आणि परत वाटाण्याच्या सूपमध्ये तोंड खुपसलं!

चौतीस वर्षांच्या संसारात या नवऱ्याने मला मासे धरायला एकदाही बोलावलेलं नाही. तळं त्याचं, घर माझं, अशी वाटणीच होती. तो सकाळी गिरमिट खांद्यावर टाकून निघतो, गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडतो, त्याच्यापुढे दिवसभर बसतो, संध्याकाळी पाच-सहा पट्टेरी मासे आणतो. ते मी साफ करते. आणि आता एकदम हे!

का, म्हणून विचारलं. "असंच."

१० जानेवारी

राइयाला फोन केला. धाकटी बहीण, पण जगाचं शहाणपण तिच्याकडे. "ताई, साठीनंतर पुरुष अचानक प्रेमात आला ना, की समजायचं काहीतरी लपवतोय."

गाढव कुठली! — पण डोक्यात किडा सोडलाच तिने.

१४ जानेवारी

नुर्मेस गावी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. दोन तास लागले, आणि खरं सांगू? मजा आली! शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली मी. कुठलीही वस्तू उलटीपालटी करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दुकानातली योन्ना चुणचुणीत. "काकू, उभं राहून सूट बघायचा नसतो. बसा. वाका. गुडघ्यावर या." मी सगळ्या दुकानासमोर ओणवी! पहिल्या सुटात बसले तर कंबर उघडी पडली. दुसऱ्यात हात वर होईनात. योन्ना म्हणाली, आत दोन लोकरीचे थर येणार, तेवढी जागा हवीच. घट्ट सूट म्हणजे गार सूट. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मग मी तिला बाजूला घेऊन खरा प्रश्न विचारला. उणे वीसमध्ये, हा सगळा डोलारा अंगावर असताना, बाईने लघवीला बसायचं कसं? योन्ना हसून हसून लाल. मागे आडवी चेन असलेली विजार दाखवली. खांद्याचे पट्टेसुद्धा काढावे लागत नाहीत! ज्याने कुणी ही शिवली त्याच्या घरात बायका असणार.

शेवटी दोन उरले. एक जाड, मऊ, गडद निळा — घातला की गादीत शिरल्यासारखं. दुसऱ्यात फोम भरलेला. पाण्यात पडलं तरी माणूस तरंगतो. पण अंगावर पिंप चढवल्यासारखा. मी निळ्यावर हात ठेवला.

"तरंगणारा," व्हेयो म्हणाला.

"तू स्वतः बुडणारा घालतोस की वीस वर्षं!"

"तुझं वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

योन्नाने आमच्याकडे बघितलं आणि दोन्ही सूट घरी न्यायला दिले. "काकू, शनिवारपर्यंत घालून बघा. बर्फावर नका नेऊ फक्त. ओसरीवर बसा."

१५ जानेवारी

ओसरीवर उणे चौदा. प्रत्येक सुटात एक तास, काखेत थर्मामीटर! निळा थोडासाच पुढे. पण वारा सुटला तेव्हा फोमवाल्यातून काही म्हणजे काही आत आलं नाही. व्हेयो खिडकीतून बघत होता. आतून कॉफी आणून दिली. स्वतःहून!

१८ जानेवारी

तरंगणारा घेतला. रंगावरून मात्र जुंपली. मला काळा हवा होता.

"केशरी," म्हणाला.

"मी काय रस्ता खणणारी बाई आहे?"

"लांबून दिसशील."

योन्ना म्हणाली, "काकू, इतकं कुणी बघत असेल तर घालावा बाई." दोघीही हसलो. तो हसला नाही.

२६ जानेवारी

पहिला दिवस बर्फावर. उणे सतरा, ऊन लख्ख. घाम आला मला! योन्नाने सांगितलं होतं, चालताना जाकीट उघडं ठेवा, बसल्यावर बंद करा. विसरले.

गिरमिट फिरवायला जोर लागत नाही, लय लागते, पीठ मळल्यासारखी. भोकातलं पाणी काळंशार. खाली काय काय चाललं असेल! दोरी थरथरली. एक मासा! वीतभर. मी एवढी ओरडले की लांब दुसऱ्या भोकापाशी बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला.

आता कळलं मेला दिवसभर का बसतो ते.

परत निघताना व्हेयो म्हणाला, "तू हो पुढे."

२ फेब्रुवारी

पुन्हा "तू हो पुढे." मी म्हटलं, वाट तुझी, मी कशाला? म्हणाला, "शिकून घे."

राइयाला सांगितलं. ती म्हणे, हृदयाचं दुखणं असेल. घरी आल्यावर सरळ विचारलं — छातीत दुखतं का? दम लागतो? "नाही गं." मग एवढं बळेबळे मला का शिकवतोस? राय धान्याची भाकरी चावत बसला. चावतोय, चावतोय.

नंतर म्हणाला, "बर्फावर सांगतो." लहान मुलाला सांगतात तसं!

९ फेब्रुवारी

वारा. गेलो नाही. दिवसभर घरात त्याच्याकडे बघत होते. दोनदा विचारायला तोंड उघडलं. दोनदा "कॉफी हवी का" एवढंच विचारलं.

१६ फेब्रुवारी

आज सांगितलं. भोकाकडे बघत, माझ्याकडे न बघता.

"डिसेंबरात इथेच बसलो होतो. आभाळ स्वच्छ होतं. आपलं घर समोर दिसत होतं. पण ते आपलं आहे, हे कळत नव्हतं. कुठल्या घरी जायचं तेच कळेना. बसून राहिलो. मग एक बाई पायऱ्यांवरचं बर्फ झाडायला बाहेर आली. तुला ओळखलं. म्हणून घरी आलो."