रजयांची चाचणी

१४ ऑक्टोबर
रजया तयार! गॅरेजात छतापर्यंत थप्पी लागली. पण जाणार नाहीत – चाचणी बाकी.

आमची संस्था म्हणजे चार माणसं. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य, गॅरेज त्यांचंच. त्यांची बहीण, टेलरकाका आणि मी. परदेशातल्या एका बालगृहाला लागेल ते पाठवतो. अध्यक्षांचा नियम एकच – आपण वापरलं नाही ते मुलांना द्यायचं नाही. तत्त्व सोन्यासारखं. त्यापायी गेल्या वर्षी आम्ही लहान मुलांचे कानटोप घालून बाजारहाट केला.

१५ ऑक्टोबर
नवरा म्हणतो, "लोकांचे दात काढायच्या आधी स्वतःचे काढून बघायचे का ते?"

१८ ऑक्टोबर
रविवारचा व्हिडिओ कॉल. बालगृह सांभाळणाऱ्या ताई मूळच्या इकडच्या, लग्न करून तिकडे गेल्या. म्हणाल्या, पहाटे फार गारठतं, आहेत त्या रजया विरल्यात, मुलांतल्या धाकटीचा खोकला हटत नाही. मी अध्यक्षांकडे पाहिलं. "चाचणी प्रगतिपथावर आहे," ते म्हणाले. मागे टेलरकाका फरशीवर आडवे. मुलं फरशीवर झोपतात, म्हणून आम्हीही. ताईंच्या मागून सगळी मुलं टक लावून बघत होती.

२५ ऑक्टोबर
आज रजईत झोपायची माझी पाळी. रजई मुलांच्या मापाची. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक, पण पांघरूण पाहून ते कापायचे का? अध्यक्षांना रजईत घाम आला. निष्कर्ष – इथे पुरेशी थंडी नाही, म्हणून चाचणी अवैध. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग बर्फाच्या कारखान्यात जाऊन झोपा!"

त्यांनी ते लिहून घेतलं.

१ नोव्हेंबर
बर्फाचा कारखाना. मालक अध्यक्षांचा जुना पेशंट, नाही म्हणायची सोय नव्हती. चौघं ओळीने लाद्यांच्या मधोमध. कॉलची वेळ झाली तर अध्यक्ष म्हणतात, इथूनच लावा. मी फोन धरला. ताई धाकटीच्या खोकल्याचं सांगत होत्या, माझे दात वाजत होते. आज मुलं हसलीसुद्धा नाहीत.

३ नोव्हेंबर
टेलरकाकांना सडकून सर्दी. नापास रजई की काका? मतदान. बहीण भावाच्या बाजूने, म्हणजे दोन विरुद्ध दोन. आता फेरचाचणी – पण काका बरे झाल्यावर! घरी येऊन भांडी आपटली. तिकडे पोरगी खोकतेय आणि आम्ही इकडे शहाणपणा पाजळतोय. मलाही उठून खोकी पाठवता आली असती. नाही पाठवली. अध्यक्षांची भीड पडते.

१५ नोव्हेंबर
काका अजून शिंकतात. ताईंनी आमचा पत्ता पुन्हा नीट विचारून घेतला. कशाला, ते काही बोलल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर
गॅरेजवर पार्सल आलं. तिकडून. आत चार रजया – विरलेल्या, ठिगळं लावलेल्या, धुऊन घड्या घातलेल्या.

तिथूनच ताईंना फोन लावला. म्हणाल्या, "मुलं ऐकेनातच हो. म्हणाली, ती म्हातारी माणसं बर्फात झोपतात, आपल्याला निदान खोली आहे."

"मग धाकटी काय पांघरते?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिला मी कुशीत घेते."