तुळशीच्या सासऱ्याला एकरातलं ढेकूळसुद्धा नाही

मी, प्रज्वल सोनबा थोरवे, वय चोवीस, राहणार चऱ्होली, दहावीला दोनदा बसलेला, डोकं जाग्यावर ठेवून हे लिहितो. उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे. वाचलो तर कागद फाडीन, गेलो तर याच्यावरच चालायचं. प्यायलेलो नाही, सिस्टर पाणीसुद्धा मोजून देतात.

१. चऱ्होलीचं माझ्या नावावरचं एक एकर आणि त्यातल्या दोन खोल्या माझी आई शालनबाई हिला.

२. चुलते हिंदुराव यांच्याविषयी. त्यांनी या एकरात ऊस लावला तो फक्त कागदावर. ठिबकचे पाइप तपासणीपुरते पसरायचे, अनुदान उचलायचं, पाइप गुंडाळून पुढच्या गावाला. या हंगामात सरकारनं नियम बदलला: उभ्या उसात जमीनमालकाचा फोटो, तोही जागेवरूनच. काकांनी तुळशीच्या लग्नासाठी बाजारात आलेले ऊस आणून मातीत खोचले आणि मला धाप लागलेली असताना पुढं उभं केलं.

"हस की मुडद्या, सरकार बघतंय!"

हसलो. मागच्या उसाला मी मुंडावळ्या बांधल्या होत्या. फोटो बघून तपासणीचे साहेब म्हणाले, "हिंदुराव, नवरी कुठाय?" अर्ज बाद. तेव्हापासून गाव त्यांना तुळशीचा सासरा म्हणतं. हे नाव मी त्यांना वंशपरंपरेनं देतो.

३. गाडी मित्र ओंकारला. अट: चाकणला शिफ्टला जाताना रोज काकांच्या दारात हॉर्न वाजवायचा.

४. सरकारला: पैसे पाइपाला देऊ नका, काट्यावर वजन झालेल्या उसाला द्या. नाहीतर आमच्याकडं पाइपच पिकतील.

५. अनुदान गेलं, म्हणून काकांना आता एकर बिल्डरला द्यायचंय. मघाशी दाराबाहेर ते आईला म्हणाले, "वहिनी, पोरगं जायच्या आत कागदावर त्याची सही घिऊ. मागनं वारसाची लई कटकट. रडून काय व्हतंय?"

आई, मी गेल्यावर ते तुझ्या पायाशी रडतील. रडू दे. चहा टाकू नको.

पिंपरी, दवाखाना, दुसरा मजला. १९ जानेवारी २०२६.
सही: प्रज्वल सोनबा थोरवे

आमच्या दोघांसमोर सही केली.
साक्षीदार १: विजयश्री कदम, सिस्टर
साक्षीदार २: हिंदुराव आबाजी थोरवे

ता. क. काकांना म्हणालो, "आधी माझ्या कागदावर साक्षीदार व्हा, मग तुमच्या कागदावर सही करतो." वाचायला हातात दिला. ते म्हणाले, "कुठं करू, एवढंच सांग." तेव्हा काका, पोरगं शुद्धीत नव्हतं असं उद्या कोर्टात सांगायला तुमचं तोंड मोकळं आहे, हात मात्र मी बांधलेत. तुमच्या कागदाचं सकाळी बघू. आत्ता सलाईन चालू आहे.