अश्विनीची ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले एकदाची पासलीत! सकाळी भोरच्या संस्थेतून निघाले, कापूरहोळला झणझणीत मिसळ हाणली, वेल्ह्यात एसटी बदलली आणि दुपारी इथं. घरोघर फिरून तब्येती तपासणाऱ्या वनिताताईंकडे माझा महिनाभर मुक्काम. त्यांची अश्विनी सातवीत आहे. तोंडाची टकळी बंद म्हणून नाही! तासाभरात 'शेफालीताई, शेफालीताई' करून कान किटवले. गोड आहे पोरगी.

काम सोपं. गावातल्या एकशे चाळीस माणसांच्या नोंदींचं मोबाईल ॲप जुन्या फ्रेमवर्कवरून, म्हणजे आतल्या सांगाड्यावरून, नव्यावर न्यायचं. इथं रेंज येते-जाते, म्हणून इथंच बसून तपासायचं. वनिताताई म्हणाल्या, जुनं काय वाईट हाय, लई सवय झालीया. सवय काय, फाटक्या चपलेचीही होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
यादीचं पान झालं. जुन्यात सगळ्या माणसांच्या ओळी एकदम तयार व्हायच्या, फोन धापा टाकायचा. नव्यात स्क्रीनवर मावतात तेवढ्या सहाच. ओळ स्क्रीनबाहेर सरकली की ॲप तिला सोडून देतं, परत आणली की नव्यानं मांडतं. काय झरझर सरकते यादी!

एक बारीक चूक राहिली. परत आलेली ओळ कोरी दिसते, नुसतं नाव. नोंदी जपून ठेवायची सूचना लिहायला विसरले. बघू नंतर. वनिताताईंच्या फोनवर नवं चढवलं, जुनं कायमचं पुसून टाकलं. त्यांनी तोंड पाडलं. पाडू देत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शेजारचे चिमाजीबाबा सकाळी खळ्यावर भात झोडत होते. एकाएकी हातातली पेंढी सोडून नुसते उभे राहिले. बायकोनं हाक मारली तर वळले नाहीत. स्वतःचं नाव सांगता येईना. वनिताताई त्याच वेळी यादी बघत होत्या. पहिली ओळ चिमाजीबाबांची होती. ती वर सरकली, स्क्रीनबाहेर गेली.

योगायोग. ऐंशीचं वय, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुसरी ओळ बाळाबाईंची. विळी हातात घेऊन, ही कशाला असते, असं सुनेला विचारत होत्या. बोट कापलं तर रक्ताकडे बघून हसल्या.

तिसरे रखमाजी. पाणी तोंडात धरून बसले. गिळायचं कसं तेच आठवेना. दुपारी गेले.

वनिताताईंना कळलंय. फोन चार्जरला लावून कोनाड्यात ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. यादीत सगळ्यात वर आता अश्विनीची ओळ आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
दुरुस्ती केली. राहिलेली सूचना लिहिली, कोनाड्यातला फोन उचलून त्यात चढवली. आता तपासणं आलं. वनिताताईंनी पाय धरले. म्हणाल्या, ताई, माज्या पोरीवर नगं, थोडं थांबा, पुण्याच्या कुणाला तरी इचारा. मला राग आला. दहा वर्षं हेच करतेय, मला शिकवू नका म्हटलं. त्यांचा हात झटकला आणि स्वतःच्या अंगठ्यानं ओळ वर सरकवली.

ओटीवर अश्विनी कायतरी बडबडत होती. मधेच थांबली.

वनिताताईंनी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. ती अंग चोरत होती. तिनं मला विचारलं, ही बाई कोण?

११ नोव्हेंबर
मला भीती वाटतेय. अश्विनी आईच्या हातचा घास थुंकते — परकी बाई म्हणून. माझ्या हातचा खाते, पहिलं बोलली ती माझ्याशीच म्हणून असेल. वनिताताई बघत बसतात.

परत आणता येईल का, विचारलं त्यांनी. नाही. माझी दुरुस्ती चाललीच नाही, आणि जे जपलंच नाही ते कुठेच नसतं. तसं सांगितलं. रडल्या नाहीत. मला भाकरी वाढली, वय विचारलं, घरोघरी विचारतात तसंच. तेहतीस म्हटलं — मग हात दिसला. हातात फोन —

१२ नोव्हेंबर
दाराला बाहेरून कडी. हाका मारल्या, कुणी येत नाही. आले तरी काय — यादी वनिताकडे —

नवीन नाव, आता माझं, सगळ्यात वर येतं. मीच तसं केलंय. ते दिसावं म्हणून तिनं यादी मागे ओढली. खालची पाच माणसं स्क्रीनबाहेर गेली. वाडीत कुणीतरी ओरडतंय. ती मान वर करत नाही.

खिडकीतून दिसतात दोघी. अश्विनीचा अंगठा हातात धरलाय. शिकवतेय — आसं वर ढकलायचं, बाळा, हळू — अश्विनी हसतेय —

लिहून ठेवते. मी शेफाली. तेहतीस. घर धायरीला. कुणी वाचून दाखवलं तर निदान — आई एकटीच असते तिथं. तिचा नंबर — नंबर माझ्या फोनमध्ये, तो बाहेर ओटीवर — नाव तरी. आईचं नाव

आईचं