गुंड्याचे दात

११ जानेवारी १९५६

पुन्हा चावला! आणि हिला पत्ताच नाही. संध्याकाळी पिंपरीहून सायकलने घरी आलो, कारखान्याचे कपडेही बदलले नव्हते — तर रुक्मिणी खाटेवर पडल्या पडल्या हसते आहे आणि उजव्या हाताखाली चादर लाल झालेली. पक्षाघात झाल्यापासून त्या हाताला काही कळत नाही. कुत्र्याचं पिल्लू, आमचा गुंड्या, ती बोटं चघळत होतं आणि ही डाव्या हाताने त्याचे कान ओढत होती.

हसत होती! सव्वा वर्षात पहिल्यांदा. रागवायचं तरी कोणावर?

१२ जानेवारी

छबूबाई म्हणाल्या, "दादा, मिरची घाला त्याच्या तोंडात. न्हाई तर नदीपल्याड सोडून या." शेजारच्याच आहेत, मी कामावर असतो तेव्हा हिच्यापाशी बसतात. त्यांचं मन मोडवत नाही.

मिरची घातली नाही. नाकावर एक चापट मारली. गुंड्या खाटेखाली जाऊन बसला. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट सरकवून उठलो.

१५ जानेवारी, रविवार

छबूबाईंचा नवरा भिमाजी आला होता. पिल्लू त्याच्याच मळ्यातलं. आई साप चावून मेली, म्हणून डोळे उघडल्यावर थोड्याच दिवसांत त्याने ते आम्हाला आणून दिलं.

म्हणाला, "त्याची चूक न्हाई, दादा. भावंडांत असतं तर शिकलं असतं. एक चावलं की दुसरं केकाटतंय, खेळ मोडतंय. मग कळतंय, एवढ्या जोरात धरायचं न्हाई. वहिनींचा हात केकाटत न्हाई. त्याला कसं कळावं?"

दिवसभर तेच डोक्यात. ठरवलं — हिच्या हाताच्या वतीने मी केकाटायचं.

१६ जानेवारी

सुरुवात केली. माझा हात पुढे करायचा, दात टेकला की "आई गं!" म्हणून ओरडायचं, हात काढून घ्यायचा, पाठ फिरवायची. खेळ बंद. थोड्या वेळाने पुन्हा. पन्नाशीचा माणूस, खाटेशी उकिडवा बसून आई गं, आई गं! छबूबाई दारातूनच परत गेल्या.

२२ जानेवारी

काही फरक नाही. हातांची चाळण झाली. स्टोअरमधले उद्धवराव विचारत होते, "घरी मांजरं पाळलीत की काय?"

३ फेब्रुवारी

आज ओरडलो तर थांबला. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. मग जिथे दात लागला होता तिथे चाटलं.

गुळाचा खडा दिला. मीही एक खाल्ला.

१२ फेब्रुवारी

मी आत चूल पेटवत होतो. बाहेरून आवाज आला — "आं!" धावत गेलो. गुंड्याने हिचा उजवा हात तोंडात धरला होता. हिला दुखत नव्हतंच, पण ही त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि दात जरा जोरात दाबला गेला की स्वतःच ओरडत होती. आणि तो सोडत होता!

दसऱ्याला पक्षाघात झाला त्या दिवसापासून हिच्या तोंडातून आवाज असा फुटला नव्हता. नुसतं घशात घरघरायचं. आता ही त्याला शिकवते आहे.

२६ फेब्रुवारी

आठ दिवसांत एकही ओरखडा नाही. तोंडात बोट दिलं तर जिभेवर फूल ठेवल्यासारखं धरतो.

आणि आज — "गुंड." स्पष्ट! छबूबाईंनीही ऐकलं. पहिला शब्द. माझं नाव नव्हे, कुत्र्याचं! असू दे. असू दे की!

७ मार्च

गुंड्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. लाळ गळते आहे, तोंड नीट मिटत नाही. आकुर्डीकडे पिसाळलेलं कुत्रं फिरतंय असं कारखान्यात बोलत होते.

८ मार्च

चावला. डाव्या हाताला — चांगल्या हाताला. ही त्याचं तोंड कुरवाळायला गेली होती. ओरडली, तरी त्याने सोडलं नाही. मी लाथ मारली तेव्हा सुटला.

डॉक्टर आले. "पोटात चौदा सुया. आजपासूनच. कुत्रं बांधून ठेवा, दहा दिवस बघू. जगलं तर पिसाळलेलं नव्हतं असं समजायचं."

छबूबाई म्हणाल्या, "दहा दिस? आन् सुटलं तर?"

तो कोपऱ्यात उभा होता. लाळेची तार जमिनीपर्यंत. पंजाने तोंड खरवडत होता. मला त्याची भीती वाटली. भिमाजीला बोलावून म्हटलं, "घेऊन जा."

"दादा, डाक्टर थांबा म्हनतोय."

"घेऊन जा म्हटलं ना!"

भिमाजीने दोर धरला, गुंड्या त्याच्याबरोबर गेला. मागे वळून पाहिलं नाही, मीच बघत होतो. गावच्या पाटलांची बंदूक होती. एकच आवाज आला.

डोकं डॉक्टरांनी तपासायला मुंबईला पाठवलं.

१० मार्च

तिसरी सुई. डाव्या बाजूला टोचली की हिच्या डोळ्यांतून पाणी येतं. सुई झाल्यावर विचारलं — "गुंड?" म्हटलं, "मळ्यात आहे. भिमाजीकडे." तिने मान हलवली. विश्वास ठेवला.

१४ मार्च

दार वाजलं की मान वळवते.

आता हाकही मारत नाही. पुन्हा नुसती घरघर. छबूबाई म्हणाल्या, "दुसरं पिल्लू आनू का?"

१९ मार्च

मुंबईचा कागद आला. पिसाळल्याची काही खूण नाही. वरच्या दाढांमध्ये हाडाची कपची आडवी अडकली होती, तिथे पू झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "सुटलात! उरलेल्या सुया नकोत." आणि बॅग बंद करताना, सहज — "साध्या चिमट्याने निघाली असती हो."